झेंड्याखालची अंडी

साहेबांना पक्ष्यांमधलं काही कळत नाही, हे पक्षी-निरीक्षण केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. टिटवीबाईंना ते जरा जास्तच ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या खडीच्या माळावर टिटव्यांची घरटी मोजत होत्या. नाव पडलं ते त्यावरूनच, आणि थोडं आवाजावरूनही. साहेब येऊन तीन वर्षं झाली होती. ते घरटी व्हरांड्यातून मोजत. त्यांच्या जाकिटाला नऊ खिसे होते आणि नऊही रिकामे. उंटावरून शेळ्या हाकणारे टिटवीबाईंनी पुष्कळ पाहिले होते, पण ह्या गृहस्थांना उंटावर चढायलासुद्धा कुणीतरी शिडी धरावी लागायची.

टिटवीच्या घरट्याला घरटं म्हणणं हाच मुळात मोठेपणा. उघड्या खडीत पायाने उकरलेला एक खळगा, त्यात चार अंडी, टोकं आत वळवलेली. रंग असा, की पुढ्यात असूनही खडीच दिसावी. टिटवीचं सगळं शहाणपण त्या न दिसण्यात असतं. साहेबांनी आल्या आल्या त्या शहाणपणावर तोडगा काढला. प्रत्येक घरट्यापासून एका पावलावर दोन हातांची सळई रोवायची आणि तिच्या टोकाला नंबर घातलेला नारिंगी झेंडा लावायचा. म्हणजे पाहुण्यांना व्हरांड्यातून चहा पिता पिता घरटी दिसतील. ह्याला त्यांनी नाव दिलं, झेंडा पद्धत.

पाहुण्यांना दिसली की नाही कोण जाणे, कावळ्यांना मात्र दिसली. पहिल्या वर्षी कावळे बिचकले. दुसऱ्या वर्षी टिटवीबाई गवताच्या आडोशाला बसून बघत होत्या. एक कावळा सात नंबरच्या सळईवर बसला, मान तिरकी करून खाली पाहिलं, खाली उतरला आणि अंडं घेऊन गेला. मग आठ नंबर. मग नऊ. पोस्टमन गल्ली घेतो तशी त्याने ओळ घेतली. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत, ओरडून ओरडून घसा फोडत होत्या. त्या वर्षी बावन्न घरट्यांपैकी सहांतून पिल्लं निघाली. साहेबांनी अहवालात लिहिलं, भटक्या कुत्र्यांचा उपद्रव.

टिटवीबाईंनी तीनदा लेखी कळवलं. दोन चिठ्ठ्या कुठे गेल्या ते कळलं नाही. तिसरी परत आली, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून.

त्यांची नणंद केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट होती. केंद्रातला प्रत्येक मूर्खपणा तिच्या बोटांखालून जायचा, त्यामुळे तिला आता कशाचंच नवल वाटत नसे. ती म्हणायची, वहिनी, चिठ्ठ्या नकोत, चारचौघांत तोंडावर सांग, वरून तपासणीला समिती येते तेव्हा सांग. टिटवीबाई नाक मुरडायच्या. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. ज्याला पटवून द्यायचं, त्याला निदान डोकं तरी असावं लागतं, असं त्यांचं मत होतं. आणि समितीतल्या माणसांबद्दल तर त्यांना बोलायचीही इच्छा नव्हती.

तिसऱ्या हंगामात त्यांनी आपल्या पद्धतीने प्रश्न सोडवला. टिटव्या बसायला लागल्या तशा बाई रोज सकाळी सळयांची मोळी खांद्यावर टाकून एकट्याच माळावर जाऊ लागल्या. घरटी एकेचाळीस निघाली. झेंडेही एकेचाळीस लागले. फक्त एकही झेंडा कुठल्याच घरट्यापासून साठ पावलांच्या आत नव्हता. नुसत्या खडीत, जिथे काही नाही अशा जागा निवडून त्यांनी ते रोवले. खऱ्या घरट्यांची खूण म्हणून उत्तरेला वीस पावलांवर एक चपटा पांढरा दगड, बस्स. साहेबांच्या रजिस्टरात मात्र सगळं नेमाने भरलं. झेंडा एक, अंडी चार. झेंडा दोन, अंडी चार. खाली सही. कागदाची हौस साहेबांना, मग त्यांना कागद द्यावा, असा त्यांचा हिशेब.

साहेबांनी व्हरांड्यातून झेंडे मोजले, एकेचाळीस भरले, खूश झाले. कावळे आले. चार दिवस त्यांनी सळई-सळईवर बसून माना तिरक्या केल्या, खाली उतरून खडी उलटीपालटी केली आणि पाचव्या दिवशी नाद सोडला. टिटवीबाईंनी नणंदेला सांगितलं, की कावळ्याला अक्कल यायला चार दिवस लागले, साहेबांना किती लागतील ते बघू.

मग समिती आली. एक अध्यक्षीणबाई आणि दोन सदस्य. अध्यक्षीणबाई मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, बोलणं गोड, चष्मा जाड. सदस्यांपैकी एक सारखा आपल्या बुटांकडे बघत होता, दुसरा पहिल्याच्या होला हो करत होता. साहेब सगळ्यांना घेऊन थेट माळावर उतरले, तीन वर्षांत पहिल्यांदाच. टिटवीबाई मागे रजिस्टर घेऊन. आता साहेब तोंडघशी पडणार, ह्या आनंदात त्यांनी आदल्या दिवसापासून कुणाशी भांडणही केलं नव्हतं.

एकोणीस नंबरच्या झेंड्याशी साहेब थांबले. खाली खडी. खडीशिवाय काही नाही. आभाळही गप्प होतं. घरट्याजवळ माणूस आला की टिटवी आभाळ डोक्यावर घेते, हे पहिल्या आठवड्यात शिकण्यासारखं आहे. पण इथे एक पक्षी फिरकला नाही. साहेबांनी दोन क्षण खाली पाहिलं.

"पाहा," साहेब म्हणाले, "किती बेमालूम. सरावलेली नजर असेल तरच दिसतात. आणि टिटव्या ओरडतसुद्धा नाहीत, इतका विश्वास बसलाय त्यांचा आपल्यावर."

बुटांवाला सदस्य पुढे वाकला आणि म्हणाला, हो, दिसली की. दुसऱ्याने लगेच री ओढली. अध्यक्षीणबाईंनी चष्मा सारखा केला, बराच वेळ वाकून पाहिलं, बोटाने हवेत मोजलं.

"चार," त्या म्हणाल्या. "काय सुंदर आहेत."

टिटवीबाईंना हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करून त्या मागे राहिल्या. एवढं निर्भेळ सुख त्यांना बावीस वर्षांत मिळालं नव्हतं. साहेबांचं अज्ञान त्यांना माहीत होतंच, पण तीन शहाण्या माणसांनी खडी मोजून तिची चार अंडी करावी, हे त्यांच्या अपेक्षेच्याही पलीकडचं होतं. जाता जाता तेवीस नंबरला अध्यक्षीणबाईंना तीनच दिसली आणि साहेबांनी एक अंडं कालच फुटल्याचं सांगितलं.

दुपारी ऑफिसात त्यांनी नणंदेला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. मशीनवरचे हात थांबवून म्हणाली, "वहिनी, ते अजून गाडीत बसले नाहीत. आत्ता जा आणि सांग."

"कशाला? राहू दे की त्यांना त्यांच्या अंड्यांपाशी. अशा माणसांना खरं सांगणं म्हणजे खऱ्याचा अपमान."

नणंद पुन्हा टाइप करू लागली.

एकेचाळीसपैकी तेहतीस घरट्यांतून पिल्लं निघाली, आणि तो आकडाही रजिस्टरात नेमाने चढला. टिटवीची पिल्लं निघाली की काही तासांत चालू लागतात, मागे काही उरत नाही. टरफलंही आईच उचलून लांब नेऊन टाकते. पहिल्याच वाऱ्यात खळगे बुजले. टिटवीबाईंनी आपले पांढरे दगडही एक एक करून उचलले आणि ओढ्यात फेकून दिले, आपली युक्ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून. त्या दिवसांत त्या फार मजेत होत्या.

दोन महिन्यांनी मोठ्या हॉलमध्ये सभा भरली. दुसऱ्या नऊ केंद्रांवरून घरटी मोजणारी माणसं बोलावली होती. प्रत्येकाच्या हातात नणंदेने टाइप केलेली पुस्तिका होती. साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले. सहाचे तेहतीस झाले होते. अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून झेंडा पद्धत दहाही केंद्रांवर सक्तीची. माळ, तळ्याकाठ, खाडी, जिथे जिथे जमिनीवर अंडी घालणारा पक्षी असेल तिथे. आणि सगळ्यांना शिकवतील आपल्या टिटवीबाई.

टाळ्या वाजल्या. नऊ ठिकाणच्या झेंड्यांच्या नऊ ओळी टिटवीबाईंना दिसल्या, आणि सळयांवर बसलेले कावळे. त्या उठून उभ्या राहिल्या.

"त्या झेंड्यांखाली एकही अंडं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम रिकाम्या जागी लावले होते. झेंडा लावला की कावळा येतो. पिल्लं वाचली ती झेंडा नव्हता म्हणून."

साहेबांनी रजिस्टर उघडून टेबलावर सरकवलं. झेंडा एक, अंडी चार. खाली सही. बुटांवाला सदस्य म्हणाला की आपण तर पाहिलीच होती, आणि दुसऱ्याने पाहिलीच होती असं म्हटलं. अध्यक्षीणबाईंना राग आला नव्हता. तेच टिटवीबाईंना सहन झालं नाही.

"बाई, चार अंडी मी माझ्या डोळ्यांनी मोजली," त्या समजुतीने म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं काम, थकवा येतो माणसाला. बसा तुम्ही."

खोटं बोलत नव्हत्या त्या. त्यांना खरंच दिसली होती. टिटवीबाईंनी नणंदेकडे पाहिलं. ती पुस्तिकांचा गठ्ठा सारखा करत होती. दाखवायला घरटं नव्हतं, खळगा नव्हता, दगड ओढ्यात होते. समिती आली त्या दुपारी गाडीपर्यंतची वीस पावलं चालल्या असत्या तर पुरलं असतं. त्यांनी हसायला वेळ काढला होता, सांगायला काढला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली तुच्छता आता त्यांच्याच वाट्याला आली, आणि ती त्यांना पुरून उरली.

सभा संपल्यावर एक बाई त्यांच्यापाशी आली. त्यांच्याच वयाची, उन्हाने काळवंडलेली, नखांत माती. कुठल्याशा लांबच्या तळ्याकाठी ती एकोणीस वर्षं घरटी मोजत होती. तिने पेन्सिल काढली आणि पुस्तिका उघडली.

"तुम्हीच सांगा म्हणजे चूक व्हायला नको," ती म्हणाली. "घरट्यापासून झेंडा नेमका किती पावलांवर?"

"साठ," टिटवीबाई म्हणाल्या. "साठांच्या आत नको. लावूच नका खरं तर."

तिने पुस्तिकेत पाहिलं. मग टिटवीबाईंकडे पाहिलं, थकलेल्या माणसाकडे बघतात तसं. "इथे तर एक लिहिलंय," ती हळूच म्हणाली, आणि पेन्सिलीने त्या एकाखाली रेघ मारली.