पुनाजीचं इर्जिक

घंटीच्या लोलकाला गुंडाळलेली चिंधी पुन्हा सुटली... रूपरावाने ती दातांनी ताणून गाठ मारली, बैलाने मान हलवली, काही वाजलं नाही. बरं झालं. पुनाजीकडे जायचं तर जायचं, पण वाजतगाजत कशाला — वावरात चार जोड्या दिसल्या की आपण त्यातलेच एक. पहिले निघालो हे मात्र कुणाला कळू नये.

"जाऊन राह्यले नं?" बायकोने, विमलाबाईने दारातून विचारलं.

"जातो म्हटलं नं!"

जातो... पुनाजी जन्मभर किसनरावांचा सालदार. यंदा भूदानात त्याला नाल्याकाठचं वावर मिळालं, पण बैल कुठले? म्हणून इर्जिक — सगळ्यांनी एक दिवस आपापली जोडी आणायची, वखरून द्यायचं, त्याच्याकडे जेवायचं. पाऊस तोंडावर आलेला. वावर पडीत राहिलं तर परत जाणार, आणि पुनाजी पुन्हा किसनरावांच्या गोठ्यात. मी तापाने पडलो होतो तेव्हा माझी पेरणी यानेच उरकली — कुणी बोलावलं होतं त्याला?

किसनरावांनी जाऊ नका असं कुठे म्हटलं होतं? ओट्यावर सुपारी कातरत एवढंच म्हणाले, "पाहू, कोन कोन जाते तं." तेही हसून. सरकी त्यांच्याकडून यायची, अर्ध्या गावाची सोयरीक त्यांनी जुळवलेली, रूपरावाच्या पोरीचं तळेगावचं स्थळ त्यांच्या साडूच्या घरचं. दहाजण गेले तर ते कुणाकुणाला धरतील? एकटा गेलो तर मात्र मीच... चंद्रभान गेला तर लहानू जाईल, लहानू गेला तर आपण — आणि चंद्रभानही घरात बसून माझ्याच नावावर अडला असेल.

चावडीच्या वळणावर तो एकदम थबकला. समोर चंद्रभान उभा, बैल जुंपलेले, मागे वखर. दुसऱ्या बोळातून लहानू, तोही तसाच.

"कुठी?" चंद्रभानने विचारलं.

"बैलं पानी पाजाले," रूपराव बोलून गेला. "तू?"

"मीबी."

"मीबी तेच," लहानू म्हणाला.

वखर जोडून बैलांना पाण्यावर कोण नेतं? हसू यायला हवं होतं. कुणी हसलं नाही. मग रूपरावाला दिसलं — चंद्रभानच्या बैलाच्या घंटीतून लुगड्याचा काठ लोंबत होता. लहानूच्याही घंटीत चिंधी. स्वतःची वखरणी तिघांचीही कधीच झालेली... म्हणजे तिघेही तिकडेच निघाले होते! घंट्या वाजल्या असत्या तर एकमेकांचं ऐकून तिघे, तिघांचं ऐकून आणखी कितीतरी... अजूनही बोल. 'चाल' एवढा एक शब्द. चंद्रभान त्याच्या तोंडाकडे पाहत होता, बोलेल या आशेने की बोलेल या धास्तीने, देव जाणे. पण जो बोलेल तोच पहिला, आणि ओट्यावर सांगायला आता दोन साक्षीदार उभे होते.

"ऊन चढून राह्यलं," लहानू म्हणाला आणि चालू लागला.

पाणी उरलं होतं ते नाल्याच्या डोहातच, त्यामुळे जावं लागलं तिकडेच. तिघांनी खरोखर बैलांना पाण्यावर उभं केलं. बैलांना तहान नव्हती. पलीकडच्या बांधावर पुनाजीच्या बायकोची, बायजाची चूल पेटलेली, भाकरींची चळत कापडाखाली झाकलेली, वावरात एकही जोडी नाही. त्यांना पाहताच पुनाजी धावत काठावर आला.

"या नं भाऊ! पिऊ द्या बैलाईले, मंग लागू!"

रूपरावाने चंद्रभानकडे पाहिलं, चंद्रभानने लहानूकडे, लहानूने पाण्याकडे. पुनाजीने पुन्हा हाक मारली, हसत, कपाळावर हात धरून. रूपरावाने किसनरावांचा राग आणून पाहिला, येईना. त्यांनी केलं काय होतं? स्वतःचाही येईना. हा हाका मारायचं थांबवत का नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं — इतकी माणसं आली नाहीत, तरी याला कळू नये? कशाला मागितलं यानं इर्जिक, कशाला घेतलं वावर... आणि त्याला हळूहळू हलकं वाटू लागलं, कारण आता पुनाजीचाच राग येऊ लागला होता.