कोकिळाबाईंचं पांढरं पातळ

झुंबरबाईनं सुनेची ट्रंक उघडली आणि तिथंच बसकण मारून गळा काढला.

सून कोकिळा बुलढाण्याला दोन वर्षं राहून, नर्सबाईचं शिक्षण पुरं करून त्याच सकाळी एस.टी.नं घरी आली होती आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेली होती. तांब्या तसाच टाकून ती धावत आली. तोवर शेजारच्या चारपाच बाया ओसरीत जमल्या होत्या, कारण खेड्यात एकदा गळा निघाला की काय झालं हे विचारायच्या आधीच माणसं पदर डोळ्याला लावतात. कुणीतरी शेताकडे पळालं. कोकिळेचा नवरा कडूबा वखर तसाच सोडून, अनवाणी, धापा टाकत आला आणि त्यानं दारातूनच विचारलं, "कोन गेलं?"

झुंबरबाईनं ट्रंकेतली दोन पांढरीशुभ्र पातळं त्याच्यापुढं टाकली आणि म्हणाली, "तूच."

ती पातळं सरकारी होती. नव्या राज्यात गावोगाव बाळंतपणासाठी नर्सबाया नेमायचं ठरलं होतं आणि त्यांचा पोशाख पांढरा. तोही नऊवारी नाही, पाचवारी. काठ असून नसल्यासारखा. आता साहेबांच्या टेबलावर पांढरा म्हणजे स्वच्छ. पण सुलतानपूरच्या वाटेवरच्या या गावात पांढरा म्हणजे नवरा गेलेली. झुंबरबाई स्वतः बारा वर्षं पांढऱ्या लुगड्यात होती, त्यामुळे त्या रंगाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कडूबा जरा वेळ दम खात उभा राहिला. चार एकरांचा धनी, बोलायला धिमा, पण बोलला तर मधेच असं काही बोलायचा की समोरच्यानं हसावं की रागवावं ते ठरेना. तो म्हणाला, "माय, पोस्टमन खाकी घालते म्हून त्याले कोनी पोलीस म्हनते का?" बाया पदराआड हसल्या. झुंबरबाई हसली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

कोकिळा मात्र मागे हटणार नव्हती, आणि त्याला कारण होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला होता. घरातल्या विळ्यानं नाळ कापली, वर शेणाची राख दाबली, आणि आठव्या दिवशी ते लेकरू ताठरलं, दूध पिणं सुटलं आणि गेलं. घरच्यांनी नशिबाला बोल लावला. कोकिळा सातवी शिकलेली होती, आणि गावात नर्सबाईच्या शिक्षणाची माहिती घेऊन साहेब आले तेव्हा तीच पुढे होऊन नाव देऊन आली. बुलढाण्याच्या शिक्षणात एके दिवशी मोठ्या सिस्टरनं धनुर्वात कसा होतो ते फळ्यावर लिहून सांगितलं. कोकिळेला कळलं की ते नशीब नव्हतं, तो विळा होता. सिस्टर म्हणत होती की हात कोपरापर्यंत साबणानं घासायचे, बांगड्यांच्या खाली मळ बसतो, बाळंतपणाच्या वेळी बांगड्या नकोत. बाकीच्या मुली कुरकुरल्या. कोकिळेनं तिथंच साबण लावून आपला हिरवा चुडा एकेक करून उतरवला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबले नाहीत.

आता अंगावर पांढरं आणि कामाच्या वेळी हातही रिकामे. सवाष्णीचं काय उरलं, तर गळ्यात काळी पोत आणि कपाळावर कुंकू. म्हणून कोकिळेनं कुंकू मोठं लावायला सुरुवात केली. बंद्या रुपयाएवढं. आरशात पाहिलं की तिचं तिलाच वाटे, आपण बाई नाही, दुकानाची पाटी आहोत. त्यात पाचवारी नेसायची सवय नाही. कासोट्याशिवाय पाय मोकळे सुटल्यासारखे वाटत, ओढा ओलांडताना निऱ्या कुठं धराव्यात ते कळत नसे.

पहिलं बोलावणं आलं ते दोन कोसांवरच्या वस्तीवरून. कडूबानं तिला सायकलवर मागे बसवून नेलं आणि रीतीप्रमाणे आपण बाहेरच, निंबाखाली थांबला. दारात अडलेल्या पोरीची आजेसासू उभी होती. तिनं कोकिळेला पायापासून वर पाहत आणलं. नुसतं पांढरं पातळ. बांगड्या-कुंकवापर्यंत नजर पोचायच्या आतच तिनं दार अडवलं. "पहिलटकरीन हाये व माय. असं पांढरं पाऊल नको आमच्या घरात."

आतून पोर कण्हत होती. कोकिळेला राग आला नाही, तिला घाई होती. ती वळली आणि निंबाखालच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, "थो पाहा माहा नवरा. चांगला जिता हाये. ओसरीवर बसवा त्याले, चहा पाजा, बोलून पाहा. मले आत जाऊ द्या."

कडूबाला बोलावलं. तो ओसरीवर टेकला. कोकिळेनं दारातच बांगड्या उतरवल्या आणि ठेवायला जागा नाही म्हणून त्याच्या टोपीत टाकल्या. तो मांडीवर ती टोपी घेऊन दोन तास बसला. म्हातारी मधूनमधून येऊन त्याला पाहून जाई. त्या घरानं नर्सबाईला नाही, तिच्या नवऱ्याला तपासून आत घेतलं. मुलगी झाली. उकळलेल्या पात्यानं नाळ कापली. आठव्या दिवशी कोकिळा पुन्हा गेली तेव्हा ते लेकरू आईला असं चिकटून पीत होतं की कोकिळा उंबऱ्यातच बसून पाहत राहिली. तिला आपल्या लेकराची आठवण आली आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं.

तिथून पुढे हा रिवाजच पडला. बोलावणं आलं की बाईबरोबर बुवा. बाई आत, बुवा ओसरीवर, त्याच्या टोपीत हिरव्या बांगड्या. गावातल्या पारावरच्या मंडळींना तेवढंच हवं होतं. "काऊन बे कडूबा, आज कुठं जिता दाखवाले चालला?" कडूबा सायकलला पाय लावत म्हणे, "जोवर हाव तोवर दाखवून घेतो." या फेऱ्यांत त्याच्या धोतराचे सोगे तीनदा चेनमध्ये गेले. शेवटी चाळिशीच्या घरात आलेल्या या माणसानं धोतर सोडून पायजमा शिवला आणि पारावर नवा विषय दिला.

कोकिळेचं पातळ मात्र चेष्टेचा विषय झालं नाही, कारण ते कधी मळकं दिसलं नाही. काळ्या रानाचा मुलूख, पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल, आणि काम रक्ताचं. घरी आल्या आल्या ती रंगीत लुगडं नेसे आणि ते पातळ स्वतःच्या हातानं धुई. सोड्यात उकळायचं, नीळ द्यायची, भाताच्या पेजेची खळ, आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती ते लागू देत नसे. सासूनं एकदा मदतीला हात पुढे केला, तर कोकिळेनं पातळ काढून घेतलं आणि म्हणाली, "राहू द्या आत्याबाई, हे माह्यं हाये." झुंबरबाई रुसली, पण दुसऱ्या दिवशी कोकिळा पाहते तर दोरीवरचं पातळ कोंबड्यांनी घाण करू नये म्हणून सासू स्वतःच काठी घेऊन राखण करत बसली होती.

वर्षं गेली तशी कोकिळेची कोकिळाबाई झाली. निऱ्या चापून येऊ लागल्या, खांद्यावर पिन आली. डाव्या मनगटावर नाडी मोजायला घड्याळ आलं आणि आठ गावांतल्या पोरी ते हात धरून पाहू लागल्या. कुंकू रुपयाचं चवलीएवढं झालं आणि मग मसुरीच्या डाळीएवढं, कारण आता कुणाला लांबून दाखवायची गरज उरली नव्हती. बांगड्या घरीच राहू लागल्या. पाचव्या वर्षी एका ओसरीवर कडूबा टेकायला गेला तर घरधन्यानं विचारलं, "पाव्हनं, तुमचं काय काम होतं?" तो हसत हसत सायकल घेऊन परतला आणि पुन्हा कधी सोबत गेला नाही.

आणि पांढऱ्याचंही असंच झालं. कापूस वेचणाऱ्या बाया रस्त्यानं पांढरं जाताना पाहिलं की मान वर करून अंदाज बांधत, आज कुणाची सुटका. अडलेली पोर कण्हता कण्हता विचारी, "पांढरं पातळ आलं का?" कोकिळाबाईंनी हे कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त पंधरा वर्षं ते पातळ स्वच्छ ठेवलं आणि पंधरा वर्षं हात स्वच्छ ठेवले. किती लेकरं जगली याचा हिशेब त्या ठेवत नसत. लोकच कुठल्याही वरातीत नाचणारं पोर दाखवत, "हे आपल्या बाईच्या हातचं."

पंधराव्या वर्षी, ज्वारीच्या खळ्यावर बसल्या बसल्या कडूबाच्या छातीत कळ आली आणि तो गेला. कोकिळाबाई पोचल्या तेव्हा अंग ऊन होतं. त्यांनी सवयीनं नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

बायांनी कुंकू पुसलं, पोत काढली, घरातल्या बांगड्या फोडल्या. कोकिळाबाईंनी काहीच अडवलं नाही. पण तेरवीच्या आदल्या दिवशी चुलीपाशी दोघी कुजबुजताना त्यांच्या कानावर पडलं. शेजारच्या वस्तीवरच्या तानुबाईची सून दिवसात होती. मागचं बाळंतपण अवघड गेलेलं. आता कोकिळाबाई कशा येतील, विधवेचं पांढरं पाऊल, दुसरी कोण पाहावी, असं चाललं होतं. कोकिळाबाईंनी ते ऐकलं आणि दहाबारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं डोकं ताळ्यावर आलं. नवरा गेला तो गेलाच. आता कामही जाणार होतं, आणि कामामागं तानुबाईच्या सुनेसारख्या किती जणी पुन्हा विळ्याच्या हवाली होणार होत्या.

तेरवीला रीतीप्रमाणे माहेरचं लुगडं आलं. मोठा भाऊ निवृत्ती शेगावकडून आला होता. त्यानं सगळ्यांदेखत पिशवीतून घडी काढून बहिणीच्या पुढ्यात ठेवली. कोरं, पांढरं, नऊवारी. ओसरीत आठ गावांच्या बाया बसल्या होत्या. निम्म्यांच्या मांडीवर कोकिळाबाईंच्या हातची लेकरं होती.

कोकिळाबाईंनी घडीला हात लावला नाही. "दादा, हे वापस ने. मले रंगीत आन."

निवृत्ती खाली मान घालून म्हणाला, "कोकिळे, लोक काय म्हन्तीन?"

"कुंकू त्यायचं होतं, थे त्यायच्यासंगं गेलं. पोत गेली, बांगड्या गेल्या. पांढरं माह्यं हाये. त्यायच्या जित्तेपनी मी पंधरा वर्सं थे नेसली. आता त्याले दुखाचं करू देनार नाई मी. दुख मी रंगीत नेसून करीन."

कोपऱ्यात भिंतीला टेकून झुंबरबाई बसली होती. ऐंशीची झाली होती, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. तिनं हात लांबवून ते कोरं लुगडं ओढून घेतलं, बोटांनी चाचपलं, मग आपल्या अंगावरचं चाचपलं. लेक गेलेल्या या म्हातारीला तेरा दिवस कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मी सत्तावीस वर्सं यातच हाये. एका घरात एक पुरे. जाय निवृत्ती, बदलून आन."

निवृत्ती मेहकरला गेला. दुकानदारानं कोणासाठी म्हणून विचारलं तेव्हा त्याला धड सांगता येईना, आणि शेवटी तो गडद जांभळं, बारीक काठाचं लुगडं घेऊन आला. कोकिळाबाई तेच नेसल्या. तेरा दिवस आवरून धरलेलं त्या संध्याकाळी त्या लुगड्यात पोटभर रडल्या. झुंबरबाई शेजारी बसून सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी दारात बैलगाडी थांबली. कासऱ्याला तानुबाईचा मुलगा होता. आत गोधडीवर तिची सून कण्हत पडली होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तानुबाई बसली होती. मुलगा खाली उतरला. कोकिळाबाई आत गेल्या आणि जांभळं फेडून, इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवी घेऊन बाहेर आल्या.

तानुबाईची नजर त्यांच्या कपाळावर गेली. तिथं काहीच नव्हतं. ती नजर तिथं थोडा वेळ राहिली. कोकिळाबाईंनी कपाळ झाकलं नाही, पदरही पुढे ओढला नाही. त्या गाडीच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या.

मग तानुबाई पुढं धुरीकडे, बैलांच्या बाजूला सरकली आणि तिनं जागा केली. कोकिळाबाई वर चढल्या, त्यांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कळा कवापासून हायेत?"

"न्याहारीपासून, बाई," तानुबाई म्हणाली, आणि सुनेचं डोकं आपल्या मांडीवरून अलगद उचलून तिनं त्या पांढऱ्या पातळावर ठेवलं.