मावशीची साक्ष

मावशी स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवते, आणि नांगरट अशी सरळ करते की पुरुष बांधावर उभे राहून बघतात. एका संध्याकाळी चाऱ्याने भरलेल्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. तिने ट्रॉली रस्त्याच्या कडेला घेतली आणि जॅक काढायला खाली उतरली, तोच पोस्टमनची मोटारसायकल मागून येऊन धडकली. त्याचा पाय मोडला. येणारी जीप थांबवून तिनेच त्याला दवाखान्यात नेलं.

पुढे त्याने भरपाईचा दावा लावला. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा चालू होता, पण चूक कोणाची हे कोर्टाला ठरवायचंच होतं. मावशीचा वकील मी, म्हणजे तिचा भाचा.

"मावशी, विचारतील तेवढंच बोल," मी बजावलं. "मागच्या लाल रिफ्लेक्टरचा विषय आपणहून काढू नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पिंजऱ्यात उभी राहिल्याबरोबर तिने सुरुवात केली, "साहेब, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. आठ दिवसांपूर्वी पडला होता. लावते, लावते म्हणत राहिले. भाचा म्हणतो बोलू नको, पण तो अजून लहान आहे."

कोर्टात खसखस पिकली. चाळिशी उलटलेला मी फायलीत डोकं खुपसून बसलो.

मग पोस्टमन कुबडी टेकत उठला. त्याचा वकील खुणा करत होता, त्याने तिकडे पाहिलंच नाही. "काकू खरं बोलल्या, मग मी कशाला लपवू? मी गाडी चालवताना एका पाकिटावरचा पत्ता वाचत होतो. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय!"

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बारा आणे चूक मावशीची, चार आणे पोस्टमनची, आणि भरपाई विमा कंपनीने द्यायची. मावशीला निकाल अगदी पटला.

बाहेर आल्यावर पोस्टमन म्हणाला, "काकू, माझी बस चुकली. तुमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून येऊ का?"

"मुळीच नाही! तिथून माणूस पडला तर विमा कंपनी हात वर करते, सगळं माझ्या अंगावर येतं." ती माझ्याकडे वळली. "बरोबर ना रे, वकिला?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला कायदा विचारला होता.

"अगदी बरोबर," मी म्हणालो, आणि उगाचच कोट नीट केला.

ट्रॅक्टर तिथेच आवारात ठेवून ती पुढची बस येईपर्यंत पोस्टमनशेजारी बाकावर बसून राहिली. दोघांच्या गप्पा काही संपेनात.