पान्याचा एक वेढा

मी एक जुनी एकचाकी ढकलगाडी आहे. आज माझ्या पोटात लाल फुलांची रोपे आहेत, आणि घरी येणारे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मित्रांनो, तेवढ्यावरून मी सुखात आहे असा हिशेब मांडू नका.

एका वेल्डरच्या दुकानात माझा जन्म झाला. खोलगट पत्र्याचे पोट, नळीचे दोन दांडे, मागे दोन पाय आणि पुढे एकच चाक. माझ्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. तो गवंडीकाम करायचा. त्याने मला ढकलून पाहिले, वळवून पाहिले आणि माझ्या दांड्यांना जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळले. रोज सकाळी चहाच्या आधी तो माझ्या चाकाला ग्रीस द्यायचा. त्याची बायको कुरकुरायची, "माझ्या शिवणयंत्राला तेल घाला म्हटलं की यांना सवड नसते!"

अंगणात आम्ही तिघी होतो. चपटीला बाजूचे पत्रेच नव्हते, पुढे नुसती एक उभी फळी. विटा तिच्यावर रचायच्या आणि कुठूनही उचलायच्या. जोडचाकीला दोन चाके. पोत्यांवर पोती टाकली तरी ती कलंडायची नाही. पण तिला रस्ता हवा सपाट आणि ऐसपैस, नाहीतर बाईसाहेब अडून बसायच्या. सिमेंट-वाळूचा ओला माल घेऊन अरुंद फळीवरून जायचे, कोपऱ्यात गर्रकन वळायचे आणि हवा तिथे ओतायचा, हे काम माझे. माझी अट एकच: वजन पुढे, चाकावर असावे. दांड्यांकडे भरलेत तर हात भरून येतात आणि तोल जातो.

"ही एकचाकी म्हणजे माझा तिसरा हात," असे मिस्त्री चारचौघांत सांगायचा. मीही खुळी, ते खरे धरून बसले.

मग मेहुणा कामावर आला, मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. काम कमी, रुबाब जास्त. माझे दांडे धरण्याआधी स्वतःचे केस नीट करायचा. तेव्हा एका बाईंच्या घराचे बांधकाम चालले होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दुकाने पालथी घालून निवडलेली काळी फरशी भिंतीला टेकवून ठेवली होती. शेजारीच खोल चर होता आणि चरावर फळी.

त्या दिवशी मेहुण्याने मला काठोकाठ मालाने भरले आणि फेरा वाचवायला दांड्यांच्या बाजूला वर विटाही रचल्या.

"मेहुणे, विटांना चपटी आहे की," मिस्त्री म्हणाला.

"भाऊजी, तुमचं वय झालं. बसून बघा नुसते."

मिस्त्री पुन्हा आपल्या कामाला लागला. सकाळी तो मला ग्रीस देत असतानाच बायकोने बजावले होते, "माझ्या भावाला लोकांसमोर बोलाल तर याद राखा."

फळीच्या मध्यावर मेहुण्याचे मनगट दुमडले. मी कलंडले. माल चरात गेला, विटा फरशीवर गेल्या आणि फरशीचे तुकडे झाले.

बाई धावत आल्या. "कोणी केलं हे?"

मिस्त्रीने मेहुण्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "बाई, माणसाचा दोष नाही. गाडीच धोक्याची आहे. चाक डुगडुगतं."

"दाखवा बघू."

आता आली पंचाईत! माझे चाक तर ठणठणीत होते. मिस्त्री बाईंकडे पाठ करून माझ्यापाशी बसला. खिशातला पाना काढला. ज्या हाताने रोज ग्रीस द्यायचा, त्याच हाताने त्याने चाकाचा नट सैल केला. एकच वेढा. मग चाक हलवून म्हणाला, "हे बघा."

चाक डुगडुगले. माझ्याच अंगाने माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

"ही पुन्हा कामावर नको," बाईंनी फर्मावले.

मला मागच्या भिंतीशी लोटले. मिस्त्री नट आवळायला येईल, असे मला रोज वाटायचे. घर उभे राहिले, जोडचाकी आणि चपटी टेम्पोत चढल्या, मिस्त्री मागे वळूनही न पाहता गेला. बाईंनी माझ्या तळाला भोके पाडून माती भरली. त्यांच्या मनात वाईट काही नाही. रोपांबरोबर मलाही पाणी मिळते, गंजायला.

परवा मिस्त्री कुंपणाची भिंत दुरुस्त करायला आला, मेहुण्याला घेऊनच. घराच्या कडेच्या बोळात जोडचाकी शिरेना. दोघे डोक्यावर घमेली घेऊन विटा वाहू लागले. मिस्त्रीची पाठ आता वाकली आहे. माझ्यापाशी तो थांबला आणि दांड्याच्या रबरावर हात ठेवला. मी मनात म्हटले, आवळ रे आता!

बाई खिडकीतून म्हणाल्या, "मिस्त्री, घेता का ती? फुलं काढून देते. विटा वाहायला तळाच्या भोकांनी काय बिघडतं? तेवढं चाक नीट करून घ्या."

मेहुणा कान टवकारून उभा होता. मिस्त्रीने हात काढून घेतला.

"नको बाई. ती धोक्याचीच आहे. फुलंच बरी तिच्यात."

आणि घमेले डोक्यावर घेऊन, कण्हत, तो माझ्यासमोरून गेला.

मित्रांनो, तुमच्याही हातून काही सांडेल, काही फुटेल. तेव्हा सायकलीवर, दप्तरावर खापर फोडण्याआधी आपण ती वस्तू कशी भरली, कशी धरली, ते आठवा. वस्तूला तेलपाणी कराच, पण तिचे नावही सांभाळा. तिला उलट बोलता येत नाही.

अधूनमधून एखादे मूल येऊन माझे चाक हलवते. ते डुगडुगते. लगेच आई ओरडते, "हात लावू नकोस, वाईट आहे ती गाडी!"

पान्याचा एक वेढा फक्त. उलटा दिला होता, तसाच सुलटा दिला की झाले.