मैदानात मारलेली हाक

नियमभंग दाखवायला पंचांनी फेकलेलं पिवळं फडकं हवेत एक गिरकी घेऊन नेल्सन फुर्टाडोच्या बुटापाशी पडलं. पलीकडे, चेंडू रेघेपार नेऊन टचडाउन केल्याच्या आनंदात एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारे हार्लोचे भिडू एकेक करून थांबले आणि मागे वळून बघू लागले.

"कुणाचं? कुणाचं आहे?"

पंचांनी हात उंचावला. "आक्रमण करणारा संघ, क्रमांक एक्याऐंशी. चेंडू हवेत असताना ढकललं."

एक्याऐंशी नंबर नेल्सनच्या छातीवर होता. चेंडू आपल्या माणसाच्या हातात पडायच्या आधी, जेमतेम पापणी लवायच्या अवधीत, त्याने समोरच्या खेळाडूला दोन्ही हातांनी रेटलं होतं. टचडाउन रद्द झालं. हार्लोच्या बाजूच्या फळ्यांवर उभे राहिलेले दोन हजार लोक एकदम खाली बसल्याचा आवाज आला.

ज्याला रेटलं तो क्वानसेटचा चार नंबर, जो पाचेको नावाचा, गवत झटकत उठला. नेल्सनच्या थोरल्या मावशीचा हा मुलगा. नेल्सनपेक्षा सहा महिन्यांनी मोठा आणि बोटभर बुटका.

"उपकार झाले, भावा," तो म्हणाला. "दुपारी टर्कीचा पहिला घास तुझ्या नावाने घेतो."

"गप बस."

"एवढा ताडमाड वाढलास, पण चेंडू येईपर्यंत थांबायला नाही शिकलास!"

थँक्सगिव्हिंगच्या सणाला सकाळी हार्लो आणि क्वानसेट या दोन गावांच्या शाळा एकमेकींशी अमेरिकन फुटबॉल खेळतात, आणि त्या दिवशी नदीवरच्या पुलाच्या दोन्ही टोकांना कुणी कुणाचं नसतं. अर्ध्या गावाची सासरं पलीकडे, अर्ध्यांची माहेरं पलीकडे. सकाळी दहा ते साडेबारा शिव्या द्यायच्या आणि दोन वाजता एका टेबलावर जेवायला बसायचं. नेल्सनची आजी क्वानसेटला राहत होती, त्यामुळे जेवण दरवर्षी शत्रूच्या मुलखात असायचं. गेली तीन वर्षं हार्लो हरलं होतं. तिन्ही वर्षी चार नंबरच्या वडिलांनी, पाचेको काकांनी, ग्लास उंचावून, "उत्तरेकडच्या पाहुण्यांना बटाटे जास्त वाढा, दमलेत बिचारे," असं म्हटलं होतं. नेल्सनचं शाळेच्या संघातलं हे शेवटचं वर्ष होतं.

मध्यंतरात, गोठलेल्या चिखलाचा वास येणाऱ्या खोलीत, कोच अरूडा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची गावात बेकरी होती. भट्टीने भाजलेल्या त्यांच्या हातांवर आडवे डाग होते. नेल्सनला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी नुसते दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले.

"यंदा किती वेळा चेंडू झेललास?"

"चार."

"आणि किती वेळा दुसऱ्याची वाट मोकळी केलीस?"

नेल्सनने कधी मोजलं नव्हतं.

"मी मोजलंय. तुला वाइड रिसीव्हर म्हणतात, लांबचा चेंडू झेलणारा, पण आपल्याकडे चेंडू फेकणारा कोण आहे? आपण पळणारी माणसं. तुझं काम हेच." त्यांनी तळव्यांनी त्याला एक पाऊल मागे रेटलं. "चेंडू हवेत असेल तोवर तू पाहुणा. हात लावायचा नाही. चेंडू आपल्या माणसाकडे आला की मग तू दरवान. समोरून, छातीवर, तळवे उघडे. जर्सी धरायची नाही, पाठीवर जायचं नाही. आणि जो तुझ्याकडे बघत नाही त्याला खांदा घालायचा नाही. कळलं?"

"कळलं, कोच."

"मग तोंड का पाडलंस? चल, पाणी पी."

उत्तरार्धात मैदान पेटलं. हार्लोचा टायरेल गोम्स चेंडू पोटाशी धरून वाघ मागे लागल्यासारखा पळत होता, आणि त्याच्या पुढे कुठेतरी दर वेळी नेल्सन असायचा, कुणाच्या तरी छातीवर तळवे रोवून. क्वानसेटच्या बावीस नंबरच्या पोराला तर त्याने चार वेळा मैदानाबाहेर नेऊन सोडलं. क्वानसेट सतरा गुणांवर, हार्लो चौदावर; टचडाउनचे सहा मिळाले तरच हार्लो जिंकणार. बँडवाल्यांची बोटं थंडीने आखडली होती, तरी ढोल थांबेना. घड्याळात अठरा सेकंद उरले तेव्हा हार्लोला टचडाउनच्या रेघेपर्यंत अजून एक्केचाळीस यार्ड जायचं होतं.

"चेंडू फेकणार!" क्वानसेटची बाजू एकसुरात ओरडत होती. "फेकणार! मागे सरका!"

हार्लोच्या घोळक्यात डाव चालवणारा क्वार्टरबॅक म्हणाला, "फेकायचा नाही. टायरेल, उजवीकडून पळ."

"वेड लागलं का?"

"कोच म्हणतायत. चल!"

चेंडू निघाला. टायरेल उजवीकडे झेपावला आणि क्वानसेटची सगळी फळी त्याच्यामागे उजवीकडे ओढली गेली. तिथे वाट नव्हती. टायरेलने एक पाय रोवला, गिरकी घेतली आणि उलटा, डावीकडे सुटला. डावीकडे नेल्सन होता. त्याने बावीस नंबरला आधीच लोळवलं होतं आणि तो मोकळा उभा होता. त्याच्यासमोर रिकामं हिरवं मैदान होतं आणि मागून दोन हजार लोकांचा आवाज भिंतीसारखा चढत होता.

तेव्हा त्याला चार नंबर दिसला.

पाचेको क्वानसेटचा शेवटचा पहारेकरी होता. तोही उजवीकडे गेला होता, पण वेळीच वळला आणि आता मैदान तिरपं कापत बाणासारखा येत होता. डोळे टायरेलवर, हनुवटी वर, हात पुढे, बरगड्या उघड्या. टायरेल आणि टचडाउनची रेघ यांच्यामध्ये फक्त तो होता, आणि त्याच्या बाजूला, दहा पावलांवर नेल्सन. त्याने नेल्सनला पाहिलं नव्हतं.

नेल्सन धावत सुटला. त्याचा उजवा खांदा आपोआप खाली गेला. सहा पावलं. या वेगात, या कोनातून लागलं असतं तर चार नंबर परत उठून काही बोलला नसता. चार पावलं. टायरेलच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता.

"झेका!" नेल्सन ओरडला.

घरात सोडून जगात कुणीही पाचेकोला त्या नावाने हाक मारत नव्हतं. लाडाचं नाव ते. शाळेत कुणी उच्चारलं तर तो मारायला धावायचा. हेल्मेट गर्रकन वळलं. जाळीआडून दोन डोळे नेल्सनवर आले, मोठे झाले, आणि त्याच क्षणी पाचेकोने गुडघे वाकवून पाय रोवले. नेल्सनचा खांदा वर आला होता, दोन्ही तळवे पुढे होते. ते थाडकन छातीवर बसले. पाचेकोही काही कमी नव्हता. दोघं एकमेकांना रेटत, घोगऱ्या आवाजात हुंकारत एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे झाले, आणि त्यांच्या इतक्या जवळून की वारा लागला, टायरेल निघून गेला.

रेघेपलीकडे टायरेल गुडघ्यांवर कोसळला. सगळ्या हार्लोने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग श्वास रोखून पंचांकडे. पिवळं काही दिसलं नाही. टचडाउनची खूण करत पंचांचे दोन्ही हात सरळ आभाळाकडे गेले.

मग काय झालं ते नेल्सनला नीट आठवत नव्हतं. त्याला कुणीतरी उचललं, कुणीतरी हेल्मेटवर बुक्क्या मारल्या, आणि कोच अरूडांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारलं, जे आवाजात बुडून गेलं. हस्तांदोलनाच्या रांगेत चार नंबर समोर आला तेव्हा नेल्सनने हात पुढे केला. पाचेको हात न मिळवता पुढे गेला.

दोन वाजता आजीच्या घरी टेबलाभोवती सोळा माणसं होती. टर्कीच्या पोटातल्या सारणात, नेहमीसारखे, मसालेदार सॉसेजचे तुकडे होते, आणि गोड पावाचा वास जिन्यापर्यंत येत होता. नेल्सनच्या वडिलांनी तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं आज पाचेको काकांवर काढलं.

"पाचेको, बटाटे घे! घे की. दमलास."

"एक वर्ष जिंकलात तर केवढा माज!"

"माज नाही रे, माया आहे. दक्षिणेकडच्या पाहुण्यांना जास्त वाढा!"

सगळे हसले. झेका हसला नाही. तो काट्याने सारणातले सॉसेजचे तुकडे एका बाजूला करत होता.

"कसे जिंकले ते विचारा ना," तो मोठ्याने म्हणाला. "घरच्या नावाने हाक मारून. मला वाटलं, आईला काही झालं, का आजीला. म्हणून वळलो. नाहीतर धरला होता टायरेलला."

नेल्सनच्या वडिलांनी ग्लास खाली ठेवला. "खरं का रे हे?"

नेल्सनचे कान लाल झाले. "हाक मारली," तो म्हणाला. मग त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तो रश्श्यात भिजत ठेवला.

"बघा!" झेका म्हणाला. "फसवणूक."

झेकाची आई, लूसिया मावशी, उठली. नेल्सनच्या ताटात तिने न विचारता टर्कीचा अख्खा पाय वाढला, मग पर्समधून फोन काढून मुलाच्या ताटाशेजारी ठेवला. ती खेळ बघायला जायची ते फक्त चार नंबरचं चित्रण करायला. चेंडू कुठेही असो, तिच्या फोनमध्ये झेकाच.

"हे बघ," ती म्हणाली. "मी एकदाच पाहिलं. पुन्हा बघवत नाही."

झेकाने फोन उचलला. त्यातून लोकांचा गलका आला, मग एक किंचाळी, त्याच्या आईची: झेका! आणि लगेच, दुरून, नेल्सनची हाक.

त्याने ते परत लावलं. चेहरा फोनच्या अगदी जवळ नेला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मध्येच बोटाने थांबवलं आणि तसाच बघत राहिला. आजीने विचारलं, "काय आहे त्यात?" झेकाचा दुसरा हात नकळत स्वतःच्या बरगड्यांवर गेला होता.

"तुझा खांदा खाली होता," तो म्हणाला.

"होता."

"मी बघितलंच नव्हतं तुला."

"माहीत आहे."

"मग?"

नेल्सनने खांदे उडवले. "पंधरा यार्डांचा दंड असतो. टचडाउन गेलं असतं."

"म्हणून?"

"म्हणूनच की. नियम आहे."

लूसिया मावशी पाठमोरी होऊन सिंकवर उगाचच नळ सोडून उभी होती. झेकाने फोन उलटा करून ठेवला, नॅपकिनने तोंड पुसलं आणि खुर्ची मागे सारली.

"चल बाहेर."

"आता? जेवणात?"

"मी वळायच्या नादात होतो म्हणून तू मला अडवलंस. सरळ समोरासमोर तुला तीन सेकंदही उभं राहता येणार नाही. पैज लाव."

"काय लावतोस?"

"तो टर्कीचा पाय."

नेल्सन उठला. मागचं दार धाडकन उघडलं आणि थंड वारा टेबलावरच्या नॅपकिनांना उडवत आत आला. "अरे, चांगल्या पँटी आहेत अंगावर!" आजी ओरडली, पण तोवर मागच्या अंगणात, सुकलेल्या टोमॅटोच्या काठ्यांच्या मध्ये, दोघं गुडघे वाकवून एकमेकांसमोर उभे होते. पाचेको काका बशी हातात घेऊनच बाहेर आले. "तीन म्हटल्यावर!" ते म्हणाले. "एक..."

"आणि ओरडायचं नाही हं या वेळी," झेका म्हणाला.

तो दात काढून हसत होता, आणि दोन म्हणायच्या आधीच सुटला.