सायकलीची पत्री

हनुमंतानं सायकल आणली तेव्हा कुरवंड्याच्या वस्तीतली ती पहिलीच सायकल होती. बघायला चार माणसं जमली. त्यांच्यासमोर हँडलवर हात ठेवून तो बोलून गेला, "सायकलवाला मानूस पायी चालत नसतो." खरं तर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण घरात नवी वस्तू आली की माणसाची जीभ सैल सुटते, आणि हनुमंताची तर आधीपासूनच सैल होती.

देहूरोडच्या लष्करी डेपोत त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा महिने नीट काढले तर कायम, आणि त्यात तीनदा उशीर झाला तर घरी. त्याच्या बापानं जन्मभर गावाचे निरोप पोचवले, उन्हातान्हात, लोकांच्या दारात उभं राहून. पोरानं हजेरीपटावर सही करावी, एवढी एकच इच्छा ठेवून म्हातारा गेला. नोकरीवर हनुमंताचा मनापासून जीव होता. सरूबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, त्याहून जास्त होता.

आणि दोनदा उशीर होऊन गेला होता. दोन्ही वेळा सायकलनंच घात केला.

वस्तीखालच्या ओढ्यापाशी खडकाच्या तीन मोठ्या पायऱ्या होत्या. त्या उतरल्या की लोणावळ्याच्या स्टेशनपर्यंत बरा रस्ता. पुढचं चाक पायरीवरून खाली गेलं की सायकलचं पोट दगडावर आदळायचं, आणि नेमकं तिथंच पायडलपाशी ते मोठं दातेरी चक्र, ज्यावरून चेन फिरते. चक्राचे दाते वाकले की चेन उतरायची, मग कितीही बसवा, दहा पावलांवर पुन्हा उतरायची. तोवर पुण्याकडची गाडी शिट्टी मारून निघून गेलेली असायची. बाजारातल्या सायकलवाल्यानं दोनदा नवं चक्र बसवून दिलं आणि दुसऱ्यांदा विचारलं, "तुम्ही सायकल चालवता का दगड फोडता?"

"अवो, तेवढ्या तीन पायऱ्या उतरून हातात धरून न्या की," सरूबाई रोज सांगायची.

"तितं चिमामावशी बसलेली आसती," हनुमंत म्हणायचा.

चिमाबाई आणि वस्तीतल्या चार बायका सकाळच्या वेळी ओढ्यावर धुणं धूत असायच्या. हनुमंत सायकलवरून उतरला असता तर चिमाबाईनं ते 'सायकलवाला पायी चालत नसतो' त्याला परत ऐकवलं असतं, आणि नुसत्या ऐकवण्यावर भागवणारी बाई ती नव्हती. तेव्हा हनुमंत दात-ओठ आवळून पायऱ्यांवरून जायचा आणि खाली येऊन चक्राकडे बघायचा. इभ्रत राखायची की नोकरी, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही; दोन्ही राहतील असं त्याला वाटायचं.

कायम व्हायला सहा दिवस उरले तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रविवारी सरूबाईच म्हणाली, "बैलाच्या खुराला दगड लागू नये म्हनून पत्री मारत्यात न्हवं? मग सायकलीला मारून घ्या. धोंडिबाआबांना दावा जाऊन."

धोंडिबा म्हणजे पंचक्रोशीतल्या बैलांना पत्र्या मारणारा म्हातारा. त्यानं सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, चक्रावरून बोट फिरवलं आणि पोराला हाक मारावी तशी हाक मारली, "हनमंता, धर हिला." मग त्यानं कासरा काढला. हनुमंत काही बोलायच्या आत सायकल आडवी पाडली, दोन्ही चाकं एकत्र बांधली आणि हँडलवर गुडघा रोवून बसला.

"आबा, ती पळायची न्हाई," हनुमंत म्हणाला.

"पयल्यांदा समदी गरीबच दिसत्यात," धोंडिबा म्हणाला. "लाथ बसल्यावर कळतंय."

खिळा कुठं मारायचा यावर तो बराच वेळ अडला, कारण सायकलीला खूर नव्हता. शेवटी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा एक तुकडा भट्टीत तापवून त्यानं चक्राच्या आकाराचा वाकवला, चक्राच्या बुडाखाली धरला आणि दोन्ही टोकं बोल्टांनी सायकलच्या नळ्यांना आवळली. दगड आलाच तर आधी या पट्टीला लागणार, चक्र वर सुखरूप. काम खरोखर झकास होतं. हनुमंतानं खूश होऊन टांग मारली, तशी म्हाताऱ्यानं मागून कॅरिअर धरलं.

"उतर. आक्कल हाय का? नव्या पत्रीवर वझं टाकतूस?"

"आवो आबा, ही सायकल हाय."

"पत्री पत्रीच. आठ दिस पथ्य. सपाटीला बस, पन दगड आला की उतरायचं आन् हातानं न्यायची. न्हाईतर पत्री सुटंल, मग माझ्या नावानं बोंबलत येऊ नगंस."

हनुमंतानं मान डोलावली, पण मनात म्हणाला, आबा थोडेच ओढ्यावर बघायला येतायत!

सोमवारी सकाळी तो पायऱ्यांपाशी पोचला तर धोंडिबा तिथं विडी ओढत बसलेला. नवी पत्री मारलेलं जनावर पाय कसं टाकतं हे बघायला तो पहिल्या दिवशी जातीनं जायचा. चिमाबाई हातातलं लुगडं तसंच दगडावर ठेवून उभी राहिली. हनुमंताला वाटलं, संपलं आता सगळं, उभ्या वस्तीत नाक कापलं जाणार.

"उतर रं हनमंता!" चिमाबाईच ओरडली. "नवी पत्री हाय नव्हं? वझं टाकू नगंस!"

"हळू ने बाबा," दुसरी म्हणाली. "मुकं हाय बिचारं."

हनुमंत उतरला. कुणी हसलं नाही. पत्रीचं पथ्य वस्तीतल्या पोराबाळांनाही ठाऊक होतं, त्यात हसण्यासारखं काय? धोंडिबानं हँडलला धरून सायकल तिन्ही पायऱ्या उतरवली, खाली आल्यावर सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "गुनाची हाय."

मंगळवारी धोंडिबा नव्हता. सवयीनं हनुमंतानं पायडलवर जोर दिला, तर पाचही बायकांनी एकदम असा गलका केला की तो घाबरूनच खाली उतरला. गुरुवारी तर चिमाबाईनं स्वतः मागून कॅरिअर धरून हातभार लावला. सहाही दिवस चेन एकदासुद्धा उतरली नाही, आणि सहाही दिवस हनुमंत डेपोच्या दारात वेळेच्या आधी उभा होता.

शनिवारी त्याला कायम केल्याचा कागद मिळाला. संध्याकाळी परत येताना तो पायऱ्यांपाशी आला, सायकल खांद्यावर घेतली आणि जवळजवळ धावतच वर चढला. घरी येऊन त्यानं कागद सरूबाईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो बराच वेळ बघितला, मग सासऱ्याच्या फोटोपुढं ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. हनुमंतालाही भरून आलं. तो बाहेर गेला. सायकल उलटी करून त्यानं पत्री पुसायला घेतली. नोकरी तिनंच तर राखली होती.

फडकं फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. पत्रीवर एकही ओरखडा नव्हता. धोंडिबाच्या हातोड्याच्या खुणा तेवढ्या रविवारइतक्या ताज्या होत्या. सहा दिवसांत एक दगड तिला शिवला नव्हता.

तो तसाच आत आला. सरूबाई भाकरी थापत होती.

"सरू, बैलाला पत्री मारल्यावर पथ्य किती दिसांचं आसतंय गं?"

"दोन दिसांचं."

"मग आबा मला आठ दिस का म्हनले?"

सरूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मीच सांगितलं व्हतं त्यास्नी, गेल्या शनिवारच्या दिशी. म्हनलं, सायकल लोखंडाची हाय, आठ धरा. आन् चिमामावशीच्या बी कानावर घातलं."

हनुमंत चुलीपाशी बसला. त्याला राग यायला हवा होता. तो थोडा वेळ त्याची वाट बघत राहिला, पण राग काही आला नाही. पहिली भाकरी फुगली. ती त्याच्या ताटात पडली तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "पथ्य उद्या संपतंय."

"व्हय."

"तर म्हनतो, उद्या आबांकडं जाऊन नवी पत्री मारून आनावी."

सरूबाईनं दुसरा गोळा हातात घेतला. "आना की," ती म्हणाली. "ही झिजली आसंल."