आईच्या रक्तात नव्हतं

एर्मेकचा ताप काही केल्या उतरेना. तीन वर्षांचं पोर, पण काखेत गाठी, तोंडात पांढरे चट्टे, आणि उचलावं तर कोकरापेक्षाही हलकं. गावच्या डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा त्याची आई सिर्गा त्याला घेऊन ओश शहरात आली. सोबत सासू, बुरुलकान.

पोराचं रक्त काढलं. पहिल्या तपासणीत दोष दिसला, म्हणून दुसऱ्यांदा काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथूनही तेच आलं. डॉक्टर जिबेकनी दार लोटून घेतलं.

"एचआयव्ही आहे. आता आईचंही रक्त बघावं लागेल."

बाहेर पडल्या पडल्या सासूनं तोंड सोडलं. "माझा मुलगा तालाय मॉस्कोत विटा वाहतोय, आणि तू इथं काय दिवे लावलेस गं?"

"अपा," सिर्गा सासूला म्हणाली, "पोराची शपथ..."

"त्या तोंडानं त्याचं नाव घेऊ नकोस!"

नवऱ्यानंच तिकडून आणलं असणार, आपल्यातून पोरात गेलं असणार, असं सिर्गानं मनाशी धरलं होतं. पण हे सासूला कोण सांगणार?

निकालाच्या दिवशी जिबेक म्हणाल्या, "तुमच्या रक्तात काही नाही. खात्रीसाठी पुन्हाही पाहिलं."

बुरुलकाननं विचारलं, "मग पोराला कुठून आलं?"

"आईकडून नाही, एवढं नक्की. कधी दवाखान्यात ठेवलं होतं का?"

"हिवाळ्यात. छातीत कफ झाला होता," सिर्गा म्हणाली. एकच सुई या खाटेवरून त्या खाटेवर जाताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती. नर्सला विचारायची छाती झाली नव्हती. पोर हातपाय झाडायचं, तेव्हा त्याचा दंड तिनंच दाबून धरला होता.

"परत बघा ना," ती डॉक्टरांना विनवू लागली. "माझ्यातही असेल. असायलाच पाहिजे."

जिबेकनी दोन्ही निकालांचे कागद तिच्यापुढं ठेवले.

सासूनं माफी मागितली नाही. सुनेचा घसरलेला रुमाल डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "तालायला फोन मी करते. तू पोराला घे."

औषध सुरू झालं, ताप उतरला, अंगावर थोडं मांसही चढलं. शेजारणी मात्र आपापली मुलं त्याच्याजवळून हाक मारून नेऊ लागल्या. एके संध्याकाळी कडू औषधानं तोंड वाकडं करत एर्मेकनं विचारलं, "आई, तू का नाही पीत?"

सिर्गा चमचा धुवायला उठली, आणि धुतलेलाच चमचा पुन्हा पुन्हा धूत राहिली.